मुका बसला

"श्वास घेऊ नकोस, ताई. जरा थांब."

"श्वास नको घेऊ तर काय घेऊ? तुझं डोकं?"

"तसं नाही गं. वाकून बघतेस, वाफ पडते तुझी. सॉकेट उघडा आहे. आत केसासारख्या तारा आहेत, एक जरी वाकली तर नवा मदरबोर्ड गेला म्हणून समज."

ताईनं तोंडावर हात धरला आणि दोन पावलं मागं सरली. थंडोबानं प्रोसेसर कडेनं दोन बोटांत उचलला. बिस्किटाच्या तुकड्याएवढा तो चौकोन, पण धरलाय असा की झोपलेल्या पाखराखालचं अंडं काढतोय. सॉकेटवर अलगद सोडला, झाकण पाडलं, दांडी दाबली. दाबताना कर्रर्र आवाज झाला. तो आवाज ठरलेलाच असतो, पण ताईला ते कुठं ठाऊक.

"मोडला?"

"बसला," थंडोबा म्हणाला.

हा त्याचा शब्द. स्क्रू लागला की बसला, झाकण लागलं की बसला, गिऱ्हाइकाच्या मशीनचा बिघाड निघाला की "बसला, घेऊन जा." काम झालं हे सांगायला त्यानं जन्मात दुसरा शब्द वापरला नाही. बायको काउंटरवर बसते. ती म्हणते, "असं दिवसभर बसला-बसला ओरडलास तर लोकांना वाटेल, धंदाच बसला."

थंडोबा हे नाव त्याला दोन कारणांनी पडलं. एक तर हा गडी सुरुवातीला पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, मग फ्रिज, आणि आता कॉम्प्युटर. नको तिथली उष्णता उचलायची आणि चालेल तिथं नेऊन टाकायची, एवढंच मला येतं, असं तो सांगतो. आणि दुसरं कारण म्हणजे स्वभाव. गिऱ्हाईक दारात थयथयाट करत असलं तरी हा चष्म्याची काच पुसत राहणार. स्क्रीनवरच्या आकड्यावर त्याचा भरवसा नाही. पोराचा ताप बघावा तसा तो मशीनला हाताची मागची बाजू लावतो, आणि मग बोलतो.

पण त्या दिवशी थंडोबाच्या कपाळावर घाम होता.

दुकानाच्या मागं दोन खोल्या आहेत, तिथं ही थोरली बहीण राहते. बस डेपोत गाड्या सुटायच्या घोषणा करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे तिनं सांगितलं की गर्दीतला बहिरासुद्धा उठून उभा राहायचा. मग डेपोनं घोषणांचं यंत्र आणलं आणि तिला घरी पाठवलं. वर्षभर बाई घरात अशी वावरली की भांड्याला भांडं लागलं तरी दचकायची. मग एका स्टुडिओला पुस्तकं वाचून देणारा आवाज हवा होता, तिथं तिचं जमलं. एका खोलीच्या भिंतींना तिनं गाद्या बांधल्या, लाकडी कपाट रिकामं करून आत स्टूल ठेवलं, आणि कपाटात बसून वाचायला लागली. कुणी भेटायला आलं तर थंडोबाची बायको काउंटरवरूनच सांगते, "वन्सं कपाटात आहेत. नंतर या."

मशीन त्या कपाटाला लागूनच. मायक्रोफोनची वायर तेवढीच पोचते. म्हणून ताईनं मागं कधीतरी हट्टानं एक मोठा कूलर घेतला होता. पत्र्याच्या पातळ पात्यांचा, दोन कप्प्यांचा, विटेएवढा जड धूड. प्रोसेसरच्या डोक्यावर बसून त्याची गरमी पात्यांत ओढून घ्यायची आणि पंख्यानं सोडून द्यायची, हे त्याचं काम. पंखा इतका सावकाश फिरायचा की चालू आहे का हे बघायला वाकावं लागे. आवाज म्हणून नाही. ताईनं त्याचं नाव ठेवलं मुका.

या नावापायी कमी घोटाळे झाले नाहीत. एकदा दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना ती आतून ओरडली, "अरे, माझा मुका पुसून ठेवलास का?" एक म्हातारे गृहस्थ तसेच उठून गेले, ते परत आले नाहीत.

तर आठवड्यापूर्वी जुना मदरबोर्ड जळला. नवा आणला, त्याला चालेल असा प्रोसेसर आणला. प्रोसेसरबरोबर खोक्यात एक बारका कूलर फुकट आला होता, तो लावला. मशीन चालू झालं, पण तो कूलर म्हणजे डबीत कोंडलेला भुंगा. ताईनं नमुना वाचून पाठवला, स्टुडिओवाल्याचं उत्तर आलं, "मागं घरघर येते." दुसरा पाठवला, तेच. आज तिसरा नमुना संध्याकाळच्या आत पोचला नाही, तर तिच्यासाठी ठरलेलं समुद्रप्रवासाचं जाडजूड पुस्तक दुसऱ्या बाईंकडे जाणार होतं. बाजारात शांत कूलर मिळेना, मागवला तर पुढच्या आठवड्यात येणार. राहिला मुका. म्हणून आज थंडोबानं तो भुंगा काढून, प्रोसेसर पुसून परत बसवला होता. पण मुका जुन्या सॉकेटचा, आणि त्याची कंपनी बंद पडलेली, म्हणजे नव्या सॉकेटच्या पट्ट्या येण्याची आशाच नको.

"बसेल ना रे?" ताईनं विचारलं.

"तू गुळण्या कर जा. घसा सांभाळ. सकाळपासून खरखरतोय."

"सांगितलंय मी स्टुडिओला, घसा जरा धरलाय म्हणून."

"मग जा ना, बाई!"

ती आत गेली. थंडोबानं मुक्याची पाठीमागची लोखंडी पट्टी बोर्डाखाली धरून बघितली. चार टोकांना चार भोकं. बोर्डालाही चार भोकं. पण बोर्डाची जरा फाकलेली. तांदळाच्या दाण्याच्या जाडीचा फरक, चारी कोपऱ्यांत. एवढ्याशा फरकानं तो विटेएवढा धूड बिनकामाचा झाला होता.

त्यानं बारकी गोल कानस काढली. पट्टी शेगड्यात, म्हणजे पंप दुरुस्तीच्या काळापासूनच्या त्या लोखंडी पकडीत अडकवली आणि भोकं बाहेरच्या अंगाला घासायला लागला. लोखंडाचा कीस बोर्डावर उडायला नको म्हणून बोर्ड पलंगावर नेऊन चादरीखाली झाकला. घासायचं, फुंकायचं, पुसायचं, लावून बघायचं. चौथं भोक जुळलं तेव्हा त्यानं पट्टी मागून चढवली, समोरून चार पितळी खुंट्या पिळल्या, प्रोसेसरवर पेस्टचा, म्हणजे गरमी वर पोचवणाऱ्या राखाडी लेपाचा, ठिपका सोडला आणि मुका वर ठेवला. स्क्रू आवळले. शेवटपर्यंत गेले.

मग त्यानं नेहमीप्रमाणे ठसा घेतला. म्हणजे लावलेला कूलर परत उचलायचा आणि पेस्ट कशी पसरलीय ते बघायचं. नीट टेकला असला तर पेस्ट चौकोनभर पातळ पसरते.

ठिपका होता तसाच होता. त्याचं टोक नुसतं जरासं चेपलं होतं.

थंडोबा खाली बसला. मुका प्रोसेसरला टेकलाच नव्हता. नव्या सॉकेटची बैठकच ठेंगणी, आणि खुंट्या जुन्या उंचीच्या. स्क्रू खुंट्यांवर अडले होते आणि कूलर हवेत लोंबत होता. असाच चालू केला असता तर पाण्याचं भांडं चुलीवर ठेवायच्या ऐवजी चुलीच्या वर टांगल्यासारखं झालं असतं.

आता खुंट्या घासायच्या. कमी घासल्या तर टेकणार नाही. जास्त घासल्या तर धूड प्रोसेसरला चिरडेल. आणि चौघी सारख्या नाही झाल्या तर मुका तिरका. परत नव्या मिळायच्या नाहीत.

आतून ताईच्या गुळण्यांचा आवाज येत होता. त्यानं काचेच्या तुकड्यावर चारी खुंट्या उभ्या केल्या, वरून दुसरी काच ठेवली. काच डुगडुगली की कुठली उंच ते कळायचं. उंचीला कानस फिरवायची, परत काच. बोटांना पितळेचा वास यायला लागला. बायकोनं पडदा बाजूला केला.

"तो लॅपटॉपवाला आलाय. कीबोर्डचं विचारतोय."

"थांब म्हणावं."

"किती थांबू विचारतोय."

"त्याला म्हणावं, माझं नाव काय ते पाटीवर वाच."

पाटीवर तसं काही लिहिलेलं नाही, पण बायको समजली आणि गेली.

काच हलायची थांबली. खुंट्या परत पिळल्या, पेस्ट पुसून नवी सोडली, मुका ठेवला. आमनेसामनेचे स्क्रू आळीपाळीनं, अर्धा-अर्धा पीळ देत आवळले. उचलला. ठसा बघितला.

चौकोनभर पसरली होती. कडेपासून कडेपर्यंत, ओल्या भिंतीला हात लावल्यासारखी.

थंडोबाच्या छातीतून हवा सुटली. त्यानं परत पेस्ट लावली, शेवटचा म्हणून मुका चढवला आणि स्क्रू आवळत आणला. तेवढ्यात ताईचा फोन पलंगावर थरथरायला लागला. दोन्ही हात पेस्टनं राखाडी झालेले. त्यानं कोपरानं फोन उघडला, स्पीकर लावला.

रेंज तुटत होती. पलीकडून स्टुडिओवाला म्हणाला, "हॅलो, बाईंच्या घरून का? मी... स्टुडिओ... विचारायचं होतं, बसला का?"

"बसला!" थंडोबा आनंदानं ओरडला. "आत्ताच बसला. अगदी घट्ट बसलाय बघा."

"अरेरे. पूर्ण?"

"पूर्ण म्हणजे, आता हलायचा नाही."

"मग राहू द्या. बाईंना आराम करू द्या. मी बघतो दुसरं कुणीतरी." फोन बंद झाला.

थंडोबा फोनकडे बघत राहिला. आराम कशाला? तेवढ्यात ताई तोंड पुसत बाहेर आली.

"कुणाचा होता?"

"स्टुडिओवाल्याचा. बसला का विचारत होता. मी सांगितलं, बसला."

"काय बसला?"

"मुका."

"त्याला मुक्याचं काय ठाऊक?" ताईचा चेहरा उतरत गेला. "अरे, तो आवाजाचं विचारत होता! माझा आवाज बसला का म्हणून! आणि तू सांगितलंस बसला?"

"घट्ट बसला म्हणालो," थंडोबा बारीक आवाजात म्हणाला.

"आणि काय म्हणालास?"

"आता हलायचा नाही."

ताईची पाचावर धारण बसली. तिनं फोन उचलून लावला. लागेना. परत लावला. दुसऱ्या कॉलवर बोलत आहे, असं सांगणारा यंत्राचा आवाज आला. तो ऐकून ताईच्या डोक्यात तिडीक गेली. डेपोतून तिला उठवणारा आवाज असाच होता, जिवाचा ना भावाचा.

"दुसऱ्या बाईंशीच बोलत असणार तो. थंड्या, मशीन चालू कर. आता बोलून उपयोग नाही. वाचूनच पाठवते."

"अजून तपासलं नाही मी."

"चालू कर म्हणते ना!"

त्यानं वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा हलला, दिवे लागले, आणि स्क्रीन काळीच राहिली.

त्यानं बटण बंद केलं, बोर्डाच्या कडेला डोळा लावून आडवं बघितलं. एका अंगाला बोर्ड किंचित धनुष्यासारखा ओढला गेला होता. फोनच्या गडबडीत एक स्क्रू जास्त पिळला गेला असणार. बोर्ड ताणला की आतल्या तारा नीट टेकत नाहीत. त्यानं स्क्रूड्रायव्हर लावला, काढून घेतला, हात पँटला पुसले, परत लावला. पाव पीळ सोडला. कडेनं बघितलं. अजून कणभर.

बटण दाबलं.

स्क्रीन उजळली. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढायला लागला. थंडोबानं आकड्याकडे बघितलंच नाही. हाताची मागची बाजू मुक्याच्या पात्यांना लावली. पाती गार होती. गार असणं वाईट. खाली प्रोसेसर तापतोय आणि वर काही पोचतच नाही असा त्याचा अर्थ. ताई कपाटात जाऊन बसली होती, दार अर्धं ओढून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

हाताला ऊब लागली. आधी खालच्या पात्यांना, मग वर. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या उशीला असते तेवढी. स्क्रीनवरचा आकडा थांबला.

थंडोबानं तोंड उघडलं, शब्द गिळला, आणि नुसती मान हलवली.

ताईनं कपाटाचं दार ओढून घेतलं. खोलीत मुक्याचा आवाज नव्हता, कुणाचाच नव्हता. मग तिनं वाचायला घेतलं. पहिल्या वाक्याला घसा जरा खरखरला, दुसऱ्यात मोकळा झाला, आणि जहाज सुटण्याच्या प्रसंगाला पोचली तेव्हा डेपोतली बाई बोलायला लागली. थंडोबा उभ्या उभ्या ऐकत राहिला, नाक खाजत होतं तरी हात हलवला नाही.

वाचलेलं पाठवलं. नंतर दोघंही पलंगावर बसून फोनकडे बघत राहिली, अंगणात सोडलेलं पोर कधी परत येतंय बघावं तशी.

फोन वाजला. या वेळी ताईनंच उचलला.

"बाई," स्टुडिओवाला म्हणाला, "तुमचे बंधू तर म्हणाले, घट्ट बसला. बसलेला आवाज असा असतो होय?"

"तो वेगळं सांगत होता," ताई म्हणाली. "त्याच्याकडे लक्ष देऊ नका."

"आणि मागचं घरघरणं गेलं की! मी दोनदा कान देऊन ऐकलं, मला वाटलं, मशीन बंद ठेवून वाचलंत. दुसऱ्या बाईंना मी नुसतं विचारून ठेवलं होतं, त्यांना कळवतो नको म्हणून. पुस्तक तुम्हीच वाचा. पण एक करा, पुढं फोन तुम्हीच उचलत जा."

ताईनं फोन ठेवला. भावाकडे बघितलं. रडेल असं थंडोबाला वाटलं, पण ती म्हणाली, "माझी चादर लोखंडाच्या किसानं भरवलीस. झटकून दे. आणि बाहेर जा, मला वाचायचंय."

चादर मागच्या दारात झटकून तो पडद्याबाहेर आला. लॅपटॉपवाला अजून तिथंच होता, बायकोच्या समोर चेहरा पाडून बसलेला. थंडोबानं चष्म्याची काच पुसली, लॅपटॉप उलटा केला, नवा कीबोर्ड खाचेत सरकवला, त्याच्या चपट्या वायरीची खिट्टी लावली.

"झालं का काका?" लॅपटॉपवाल्यानं विचारलं. "बसला?"

थंडोबानं एकदा पडद्याकडे बघितलं.

"लागला," तो म्हणाला. बायको हसायला लागली तसा तिच्यावर डोळे वटारून त्यानं पुढच्या मशीनचा डबा ओढला आणि स्क्रू काढायला घेतले.