वांग्याची मुळी

परभणीहून देवगाव फाट्याकडं जाणाऱ्या एसटीत एका बाईंनी मला जागेवरून उठवलं.

"दादा, तुमी उन्हाकडं बसता का? माझ्याजवळ जित्तं हाय."

त्यांच्या मांडीवरच्या पिशवीला ओला टॉवेल गुंडाळला होता. मला वाटलं, कोंबडीची पिल्लं असतील. त्यांनी उघडून दाखवलं, तर आत पांढऱ्या भुकटीची पाकिटं.

"जिवाणू हाईत. आमच्या वांग्याच्या मुळ्यांना गाठी झाल्यात. डोळ्याला दिसत न्हाईत असले किडे आत शिरायलेत. त्यांना हे आवरतेत. शेणखतात कालवून बुडाशी घालायचं. पण ऊन लागलं की बिचारे मरतेत."

वाटभर त्या पाकिटांना हात लावून बघत होत्या, तापली तर नाहीत ना.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, एवढ्या जिवांची तिकिटं काढावी लागतील."

"मांडीवरच्या लेकरांना तिकीट लागतंय का?" त्या म्हणाल्या, आणि अख्खी गाडी हसली.

हिवाळ्यात त्या परभणीच्या बाजारात दिसल्या. समोर वांग्यांचा ढीग होता आणि शेजारी मुळासकट उपटून आणलेलं एक झाड. मी ओळख दिली तसं त्यांनी ते झाडच माझ्या हातात ठेवलं.

"थोडी झाडं गेली. पण बाकीची लय चांगली आली. ही मुळी बघा, एक गाठ न्हाई."

गिऱ्हाईकं वांगी दाबून बघत होती आणि त्या प्रत्येकाला मुळी दाखवत होत्या. मी बोटानं माती झाडून ती नीट बघितली, तेव्हा कुठं त्यांनी तराजू उचलला.