कोंडीरामचा गुरुवार

कोंडीराम ओव्हाळ माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. आमच्या दोघांमध्ये पत्र्याची एकच भिंत होती, त्यामुळे त्याचं खोकणंसुद्धा मला ओळखू यायचं. तरी तो माणूस नेमका कसा होता, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. तो गेल्यावर त्याच्या मुलीनं, जाईनं, चार ओळी लिहून द्या म्हणून फार आग्रह केला. मला लिहिण्याची सवय नाही. आठवतं तसं सांगतो.

तो भोसरीला फाउंड्रीत होता, मी पिंपरीत पॅकिंग खात्यात. कारखाने वेगळे, पण सुट्टी दोघांची गुरुवारीच. आमच्याकडच्या कारखान्यांची वीज त्या दिवशी बंद असायची, म्हणून वस्तीतले सगळे पुरुष गुरुवारी घरी. शाळा मात्र रविवारी बंद. पोरं घरी असली की बाप मशीनवर आणि बाप घरी असला की पोरं शाळेत. शिफ्टच्या फेऱ्यात संध्याकाळी गाठ पडली तर पडली. यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटत नव्हतं. गुरुवारी आम्ही पत्ते खेळायचो, झोपा काढायचो. काहीजण सकाळपासूनच प्यायला बसायचे.

कोंडीराम पत्त्यांना येत नसे. दारात बसून रस्त्याकडे बघत राही. शहात्तर सालच्या एका गुरुवारी तो आमच्या डावाशी येऊन उभा राहिला.

"शाळंला गुरुवारी सुट्टी मागायची का?" तो म्हणाला.

"कुणी?" ज्योतीरामनं पान टाकत विचारलं. ज्योतीराम बीडकडचा, चार पोरांचा बाप. वस्तीत त्याच्या शब्दाला वजन होतं.

"आपुन. आमच्या गावाकडं बाजाराच्या दिशी शाळा बंद असायची. हितं कारखाना बंद असतो त्या दिशी ठिवली तर काय बिघडलं?"

"आन मग?"

"मग बाप आन पोरं एका दिशी घरी ऱ्हातील."

"ऱ्हाऊन काय करतील?"

कोंडीराम जरा अडखळला. "बसतील," तो म्हणाला.

सगळे हसले. ज्योतीराम तेवढा हसला नाही. कोंडीरामची पाठ वळल्यावर तो हळूच म्हणाला, "ह्याच्यात ह्याचं काय असंल?"

तो प्रश्न वस्तीला चिकटला तो चिकटलाच. कोंडीराम घरोघर जाऊ लागला. दारात उभा राहून तेच बोलणं, तोच बाजाराचा दिवस. तो पुढच्या दारी गेला की मागच्या दारात कुजबुज सुरू व्हायची.

माझी बायको यशोदा म्हणाली, "रविवारी पोरांचा धिंगाणा, गुरुवारी तुमचा. आता दोन्ही एकाच दिवशी आणतोय मेला. बायकांशी काय वैर आहे त्याचं?" युनियनवाल्यांना वाटलं, हा कंपनीनं पेरलेला माणूस. तिकडे कंपनीच्या सुपरवायझरनं त्याला बोलावून दम दिला, की माणसं कशाला गोळा करतोस? दोन्हीकडून संशय आला म्हणजे माणूस कुणाचाच नसावा, असं आम्हाला वाटायला हवं होतं. आम्हाला वाटलं, हा दोघांच्याही वरचढ आहे.

ते आणीबाणीचं वर्ष होतं. नसबंदीच्या गाड्या फिरत होत्या. माणूस आणून देणाऱ्याला माणसामागे पैसे मिळतात, असं बोललं जायचं. वस्तीत बहुतेकांना चार-पाच पोरं आणि कोंडीरामला एकटी जाई. ज्योतीरामनं नळापाशी सगळ्यांदेखत हिशेब मांडला, "त्याचं झालंय. आता आपलं करायलाय."

एकदा मी कोंडीरामला सरळच विचारलं. म्हटलं, "शेजारी आहेस म्हणून विचारतो. तुला यातून काय मिळणार?"

"जाई चौथीत गेली, आप्पा," तो म्हणाला. "आजून दोन-तीन वर्सांनी ती माज्याशेजारी बसंल का?"

एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस एवढी दारं पालथी घालेल, हे मला पटेना. खरं काहीतरी तो गिळतोय, असंच वाटलं.

शाळेत तो कितीतरी वेळा जाऊन आला. सोपानराव हेडमास्तर आधीच घाबरट. जमाव जमवायचे ते दिवस नव्हते. पण कोंडीराम रोज वऱ्हांड्यात येऊन बसू लागला तेव्हा ते वैतागून म्हणाले, "येत्या गुरुवारी तपासणीला साहेब येणार आहेत. पालकसभा म्हणून बाप गोळा कर. मैदान भरलेलं दिसलं तर मी शब्द टाकतो. नाही भरलं, तर हा विषय पुन्हा माझ्याकडे काढायचा नाही."

कोंडीरामनं घरोघर सभेचा निरोप दिला, साहेबांचं नाव मात्र काढलं नाही. सगळे "बघू" म्हणाले. येणार कुणीच नव्हतं.

गुरुवारी पोरं शाळेत गेली आणि थोड्याच वेळात नळावरून बातमी पसरली. शाळेत जीप येणार आहे. सभा नुसती नावाला. बापांना घेऊन जाणार, आणि बाप नाही सापडले तर पोरांना सुया टोचणार.

पत्ते होते तिथेच टाकून माणसं उठली. काहीजण दिघीच्या बाजूला, लष्कराच्या हद्दीकडे पळाले. मीही थोडा त्या वाटेला लागलो होतो. पण माझी तानी तिसरीत होती आणि त्या वेळी ती शाळेत होती. मी वळलो आणि मागच्या बाजूनं शाळेच्या भिंतीशी आलो.

तिथं आधीच ज्योतीराम होता. हातात मोठा पाना.

"तू कशाला आलास?" त्यानं विचारलं.

"सहज. तू?"

"म्या बी सहजच."

भिंतीच्या कडेनं पाहिलं तर अर्धी वस्ती सहज आलेली. एकजण सायकलची चेन बसवत होता, ती घसरलेली नव्हती. एकजण बाभळीकडे तोंड करून उभा होता, उगाच. दिघीकडे पळालेलेही एकेक करून परत येत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

भिंतीवरून आतलं मैदान दिसायचं. एक भलीमोठी सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर कोंडीराम एकटा बसला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. चौथीच्या खिडकीतून जाई त्याच्याकडे बघत होती. त्याची मान खाली होती.

"बगा, कसा बसलाय सापळा लावून," ज्योतीराम कुजबुजला.

तेवढ्यात खरोखरच जीप आली. फाटकातून थेट आत. दोन माणसं उतरली आणि त्यातल्या एकाच्या हातात कातडी पेटी. ती दोघं सरळ वर्गांकडे निघाली.

यापुढचं मला नीट क्रमानं आठवत नाही. "माजी पोरगी हाय आत!" असं ज्योतीराम ओरडला आणि भिंतीवर चढला. त्याच्यामागं चेनवाला, त्याच्यामागं बाभळीवाला. मला भिंत चढता येते हे मला तेव्हाच कळलं. ज्योतीराम जीपच्या पुढून धावत पहिलीच्या वर्गात शिरला आणि धाकट्या पोरीला काखेत मारून बाहेर आला. मी तानीचा हात धरला. ती लाजून चूर झाली. "आप्पा, सोडा ना, सगळी बघतायत."

मैदान भरलं. साहेब पेटी छातीशी धरून उभे. "हे कोण लोक?"

सोपानरावांनी चष्मा पुसला. "पालक, साहेब. सभेला आलेत."

"भिंतीवरून?"

कोंडीराम सतरंजीवरून उठून पुढं आला. "शाळंत यायची सवय न्हाई त्यांना, साहेब. फाटक ठाव न्हाई."

साहेबांना हसू आलं. पेटीत कागद होते आणि जेवणाचा डबा. ज्योतीरामनं ती स्वतः उघडून बघितली, मगच पाना खाली ठेवला.

रविवारची सुट्टी हलली नाही, ते म्हणे वरूनच ठरलेलं असतं. पण शनिवारची सकाळची शाळा गुरुवारी करायला साहेबांनी मान डोलावली. दसऱ्यानंतर गुरुवारी पोरं दुपारच्या आत सुटू लागली. फाटकाशी बाप दिसू लागले. सुरुवातीला सगळे 'सहज' आलेले. ज्योतीराम तर पुष्कळ महिने फाटकाबाहेरच थांबायचा. आत पाऊल टाकायचा नाही.

एवढ्यावर हे संपायला हवं. पण यशोदानं एक दिवस भाकरी थापता थापता विचारलं, "त्या दिवशी जीपची बातमी नळावर पहिल्यांदा कुणी आणली, ठाऊक आहे? कस्तुरानं." कस्तुरा म्हणजे कोंडीरामची बायको. साहेब येणार हे तर हेडमास्तर आणि कोंडीराम, दोघांनाच माहीत होतं.

मी फाटकाशी कोंडीरामला गाठून विचारलं. तो म्हणाला, "बायका नळावर काय बोलतील, मला काय ठाव, आप्पा?" आणि जाई येते का ते बघू लागला.

माझं समाधान झालं नाही. पुढच्या गुरुवारी दुपारी मी पत्र्याला कान लावून बसलो. कधीतरी नवरा-बायकोत जीपचा विषय निघेल, असं वाटत होतं. पलीकडे जाई सांगत होती, वर्गात कुणी कुणाची पाटी फोडली, बाईंनी कुणाला उभं केलं. कोंडीराम मध्येमध्ये फक्त "मग?" म्हणायचा. ती पुढं सांगायची. तो पुन्हा "मग?" बराच वेळ तेवढंच चाललं होतं.

तानीनं माझा सदरा ओढला. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. "आप्पा, पत्र्याला कान लावून काय करताय?"

"काही नाही," मी म्हटलं. "बस."

ती बसली.