न नासलेलं लोणचं

येळ्ळूरच्या राजाबाईला सगळा गाव दोन गोष्टींसाठी ओळखायचा. एक तिचं लोणचं आणि दुसरं तिचं तोंड. दोन्ही सारखीच तिखट. फरक एवढाच, की लोणचं मागितल्यावर मिळायचं आणि तोंड न मागता.

शिमगा सरला की खानापूरकडच्या रानातून बाळकैऱ्यांची पाटी तिच्या दारात उतरायची. सुपारीएवढ्या कोवळ्या कैऱ्या, देठासकट. त्या पुसायच्या, मोहरी फेसायची, चिनी मातीच्या बरणीत सगळं भरून तोंडाला दादरा बांधायचा. मीठ वाटून द्यायला तेवढी सून, बाकी सगळं राजाबाईच्या एकटीच्या हातानं. गावात कुणाला दिवस गेले, कुणाच्या तोंडाची चव गेली, कुणाच्या घरी सोयरे आले, की वाटी राजाबाईच्या दारी यायची. ती वाटी भरून द्यायची आणि वर चार शब्दही ऐकवायची.

बरणीचं सोवळं देवापेक्षा कडक. बाजूला बसलेल्या बाईनं बरणीकडे फिरकायचंसुद्धा नाही, सावली पडली तरी लोणचं नासतं, हा तिचा कायदा. एका साली बरणीवर पांढरी बुरशी आली. सून अक्काताई तेव्हा बाजूला होती आणि परसातून गोठ्याकडे जाताना स्वयंपाकघराच्या खिडकीवरून गेली होती. झालं! खून करताना पकडावं तसं राजाबाईनं तिला पकडलं. बरणी उकिरड्यावर ओतली ती सगळ्या आळीला बोलावून, आणि त्यानंतर कुणाच्या घरचं दूध नासलं तरी तिला सुनेची सावली आठवायची. अक्काताई ऐकून घ्यायची. बोलायची मुळातच कमी. या घरात बोलण्याचं काम एकटी राजाबाई सगळ्यांच्या वाटणीचं करत होती. नवरा यल्लाप्पा आणि मुलगा भावकू यांनी तर ते काम कधीच तिच्यावर सोपवून टाकलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे दुसरं महायुद्ध लागायच्या आदल्या वर्षी, शिमग्यातच राजाबाईला पुन्हा रक्त दिसलं.

पाळी जाऊन तिला चार वर्षं झाली होती. पहिल्यांदा ती बुचकळ्यात पडली, मग चिडली. या वयात बाजूला बसायचं? ते पण कैऱ्यांच्या ऐन हंगामात? बरणीला हात लावता येणार नाही, चूल सुनेच्या हाती जाईल, आणि आळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसतील ते वेगळंच. दोन दिवसांत थांबेल म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं. तेवढ्यात पाटी आली. कैऱ्या काही कुणासाठी थांबत नाहीत. राजाबाईनं डोक्यावरून पाणी घेतलं, देवापुढं नाक घासलं आणि लोणचं घातलं. आपलाच कायदा आपणच मोडला, पण तोंडावर एक सुरकुती हलू दिली नाही.

कंबर दुखायला लागली. अंग उतरलं. ती आपलं लुगडं पहाटेच विहिरीवर जाऊन स्वतः धुवायला लागली. जिनं सून आल्यापासून धुणं पिळलं नव्हतं, ती आता बादली लपवत चालली आहे, हे अक्काताईच्या ध्यानात यायला किती वेळ लागणार? पण सासूला विचारायचं कसं? शेवटी तिनं आळीतल्या बाळाबाई सुईणीला गाठलं. बाळाबाई रिकामी वाटी घेऊन लोणचं मागायला म्हणून आली, माजघरात बसली आणि दार पुढं ओढून घेतलं.

“राजा, कवापासनं जातंय गं अंगावरनं?”

“कुणी सांगितलं तुला?” राजाबाईनं आधी तेच विचारलं. “त्या घुमीनं सांगितलं व्हय? बघतोच तिला.”

“तिला मागनं बघ. माझ्या थोरल्या भनीलाबी असंच झालतं. गेल्याली पाळी परत येत न्हाय, राजा. परत आली तर ती पाळी न्हवं, दुसरं कायतरी हाय. आमी म्हणलं हुईल बरं, हुईल बरं. वर्षात गेली ती.”

बाळाबाई हे सांगताना रडली नाही, पण वाटी तशीच रिकामी घेऊन उठली. त्यानं राजाबाई घाबरली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या दारातून कुणी लोणचं न घेता गेलं होतं.

बेळगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मिरजेच्या मोठ्या दवाखान्याची वाट दाखवली. यल्लाप्पा, राजाबाई आणि अक्काताई आगगाडीनं निघाले. घरी गुरांजवळ भावकू. राजाबाई वाटभर सुनेशी बोलली नाही. घरात असा अबोला म्हणजे खरं तर सुट्टीच; पण यल्लाप्पाला चैन पडेना, तो स्टेशनामागून स्टेशनं मोजत बसला.

दवाखान्यात गोऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचं मराठी पोथीसारखं शुद्ध. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

“बाई, तुमच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर झाला आहे. शस्त्रक्रिया करून पिशवी काढावी लागेल. मला सांगा, हा रक्तस्राव किती दिवस होत आहे?”

राजाबाईनं एकवार नवऱ्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर शिमगा निघणार. शिमगा निघाला की लोणचं निघणार. मग यल्लाप्पाला कळणार, भावकूला कळणार, आणि दोन वर्षं जिनं सावलीचा डंका पिटला तिनं विटाळातच अख्खी बरणी भरली, हे येळ्ळूरभर होणार. मरणापेक्षा तिला त्या घटकेला ही भीती मोठी वाटली.

“पंधरा दिवस झालं असतील,” ती म्हणाली. “लोणचं घातल्यावर लई दिसांनी. आता आमची भाताची पेरणी तोंडावर हाय. ती उरकली की येतो की मी. पिशवी कुठं पळून जातीया?”

“पंधरा दिवस?” डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. यल्लाप्पा पेरणीच्या नावानं मान डोलवायला लागला होता. अक्काताई भिंतीला टेकून उभी होती, ती पुढं आली.

“न्हाय बाई. शिमग्यापासनं हाय. आत्तींनी लपवलंय.”

यल्लाप्पाची डोलणारी मान थांबली. सात वर्षांच्या संसारात सुनेनं सासूचा शब्द खाली पाडल्याची ही पहिली वेळ. राजाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर खिडकीतून उडी टाकून पळाली असती. अक्काताई तिथंच उभी राहिली.

“मग पेरणीची वाट पाहता येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अजून तो फार पसरलेला नाही. ही शस्त्रक्रिया मोठी आहे, तिच्यात धोका आहे, हे मी लपवणार नाही. पण थांबण्यात त्याहून मोठा धोका आहे.” त्यांनी यल्लाप्पाला अंगठा द्यायला सांगितलं. तीस वर्षांत घरातला एकही निर्णय न घेतलेल्या त्या माणसानं अंगठा पुढं केला, पुन्हा मागं घेतला आणि म्हणाला, “तिला इच्यारा की.”

राजाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला. मग म्हणाली, “द्या अंगठा. काय बघूलालायसा माझ्या तोंडाकडं?”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं सुनेला खाटेजवळ बोलावलं. अक्काताईला वाटलं, आता आपली खैर नाही. पण राजाबाईनं तिचा हात धरला आणि रडायला लागली. मला मरायचं न्हाय गं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. अक्काताईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. जरा सावरल्यावर राजाबाईनं, कधी कुणाला न सांगितलेली, लोणच्याची कृती सांगायला घेतली. कैऱ्या कशा पुसायच्या, मोहरी कशी फेसायची, हळद कधी, हिंग कधी. सगळं सांगितलं. मीठ मात्र सांगितलं नाही.

“आन मीठ, आत्ती?”

“मिठाचं घरला आल्यावर सांगतो,” राजाबाई म्हणाली. देवाला आपल्याला माघारी धाडायला काहीतरी कारण पाहिजे, असा तिचा हिशेब असावा.

ऑपरेशन लांबलं. यल्लाप्पा अंगणातल्या लिंबाखाली बसून राहिला. त्यानं तंबाखू चोळली ती दिवस कलंडेपर्यंत चोळतच होता, तोंडात टाकायचं विसरला. शेवटी नर्सनं येऊन सांगितलं, की झालं, बाई जिवंत आहे, तेव्हा तो उठून उभा राहिला आणि तिलाच वाकून नमस्कार करून बसला.

दुसऱ्या दिवशी राजाबाई शुद्धीवर आली. पोटात आग, घशाला कोरड, लघवीला रबराची नळी लावलेली. जिनं कुणाला आपली केरसुणी शिवू दिली नव्हती तिचं अंग आता कुठली कोण ख्रिस्ती नर्स पुसत होती, आणि राजाबाईला त्या हातांची वाट बघावी लागत होती.

“गुंगीत तुम्ही सारखं म्हणत होता, बरणी ओता, बरणी ओता,” नर्स हसत म्हणाली. “कसली हो बरणी?”

“म्हशीच्या आंबोणाची,” राजाबाई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. अक्काताई खिडकीबाहेर बघत राहिली.

दिवस सरकत गेले. टाके निघाले, नळी निघाली. सुनेच्या खांद्यावर हात टाकून राजाबाई खाटेपासून दारापर्यंत चालायला लागली. हसलं की पोट दुखायचं, म्हणून हसायचं नाही. शिव्या दिल्या तरी दुखायचं, पण त्या तिनं सोसून दिल्या. तोंडाला मात्र चव नव्हती. पेज समोर आली की ती मान फिरवायची. मग भावकू भेटायला येताना घरून एक वाटी घेऊन आला. अक्काताईनं त्याला सांगावा धाडला होता. वाटीवरचं फडकं निघालं आणि वास आला.

“ते? औंदाचं?” राजाबाई हळूच म्हणाली. “उघडलं व्हय? नासलं असंल.”

“बघा तरी,” अक्काताई म्हणाली.

तिनं आधी वास घेतला. मग बोट लावलं. मग एक अख्खी कैरी तोंडात टाकली आणि चावत राहिली. करकरीत. तीस वर्षांत एवढं उत्तम लोणचं तिच्या हातून उतरलं नव्हतं. तिनं पेज संपवली, दुसरी मागितली, आणि तरीही तिचं तोंड रुसल्यासारखंच दिसत होतं. शेवटी तिच्या तोंडून निघालंच, “नासाया पायजे हुतं गं.”

अक्काताईनं वाटी धुऊन पालथी घातली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की वर्षभर जड काही उचलायचं नाही, पाटा नाही, घागर नाही, आणि दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. यल्लाप्पानं घसा खाकरला. “बाई, तोंड चालवलं तर चालतंय न्हवं?” त्याच्या जन्मातला तो पहिला विनोद. राजाबाई पोट दाबून हसली आणि मग पोट दुखतंय म्हणून त्यालाच बोलली.

पुढच्या साली शिमग्यानंतर पाटी आली. राजाबाई बरी होती. मिरजेला दोनदा दाखवून आली होती आणि दोन्ही वेळा डॉक्टरीणबाई खूश होत्या. पण अजून तिला बरणी हलवायची नव्हती, पाट्याला हात लावायचा नव्हता. आणि नेमकी त्याच दिवशी अक्काताई बाजूला बसली. आळीतल्या बाया दारात येऊन चुकचुकल्या. चार दिवस थांबलं तर कैऱ्या पिवळ्या पडणार. यंदाचं लोणचं गेलंच म्हणायचं.

राजाबाईनं सगळ्यांना वाटी घेऊन नंतर या म्हणून वाटेला लावलं. दाराला आतून कडी घातली आणि परसदारी गेली. अक्काताई गोठ्याजवळ गोणपाटावर तांदूळ निवडत बसली होती.

“ऊठ. हात धू आन ये आत.”

“आत्ती, मी बाजूला हाय.”

“ठाव हाय मला. मी आंधळी न्हाय. ये म्हणतोय न्हवं!”

अक्काताईनं मोहरी फेसली, कैऱ्या पुसल्या. राजाबाई पाटावर बसून हुकूम सोडत होती. मिठाची वेळ आली तेव्हा मात्र ती थांबली. ओंजळभर मीठ घेतलं, टाकलं. पुन्हा अर्धी ओंजळ घेतली.

“एवढं लागतंय,” ती बरणीत बघतच म्हणाली. “त्या साली कमी पडलंतं. म्हणून बुरशी आली. तुझी सावली न्हवं ती. माझाच हात चुकला हुता.”

“ठाव हाय मला,” अक्काताई म्हणाली.

“तुला?”

“मीठ वाटून मीच दिलंतं की. वाटीभर पाट्यावरच ऱ्हायलं हुतं.”

“मग बोलली का न्हाईस तवा?”

अक्काताईनं मान वर केली. “तुमी ऐकून घेतलं असतं व्हय?”

राजाबाईनं खरंच विचार केला.

“न्हाय,” ती म्हणाली. मग दादऱ्याचं फडकं सुनेच्या हातात दिलं. “बांध तूच.”