मोजणारा दुसरा पाहिजे

महिपतीराव सोमेश्वरनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं बसले. ज्याचा ऊस, त्यालाच आकडा वाचायला कधी लावलं नाही; वाचायचा तो तिसऱ्यानं. शंकेखोर म्हणून गावात नाव होतं.

एकसष्टाव्या वर्षी त्यांच्या उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या. अंगठ्यावर काळपट जखम झाली, थोडं चाललं की पोटरी धरायची. पुण्याच्या एका दवाखान्यात नव्या उपचाराचा अभ्यास चालू होता. कमरेच्या हाडातली मज्जा काढून त्यातल्या पेशी पोटरीत टोचायच्या. महिपतीरावांनी सही केली. शेजारच्या खाटेवर इंदापूरचा गेणू होता, त्याचंही दुखणं तेच.

पेशी टोचण्याआधी नर्सनं चालवून पाहिलं, दुखताच थांबवलं. नव्वद मीटर. तीन महिन्यांनी मात्र सुई देणारे डॉक्टरच शेजारून चालू लागले. "आणखी थोडं, तात्या. जमतंय." एकशे ऐंशी भरले. डॉक्टर खूश झाले. महिपतीरावांना ते खटकलं.

"गेणू दिसला न्हाय?"

"त्यांचा पाय काढावा लागला. तपासण्या अपुऱ्या राहिल्या, म्हणून यादीतून वगळलं."

"पाय गेल्यावर त्यो चालून कसा दावंल? बिघडलेले वगळले, तर उरलेले समदे बरे झालेलेच दिसणार."

डॉक्टरांनी यादी मिटून ठेवली.

घरी येऊन महिपतीरावांनी संमतीपत्रावरचा, अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या समितीचा नंबर लावला. बायको रंगूबाई चिडल्या. "ज्यांनी पाय राखला त्यांच्यावरच उलटताय व्हय?"

"त्यास्नी खोटं म्हणत न्हाय मी. पण मोजणारा दुसरा पायजे."

समितीनं चौकशी केली. कोणाला काय टोचलंय हे माहीत नसलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुन्हा चालवलं, चकार शब्द न बोलता. एकशे वीस मीटर. पाय गेल्याच्या नोंदीसह गेणूचं नाव यादीत परत आलं.

"हे लागू पडावं असं मला फार वाटत होतं, तात्या," डॉक्टर हळूच म्हणाले.

"मलाबी. म्हणून तर माझाच मला भरवसा वाटंना."

अंगठ्याची जखम हळूहळू भरली. रंगूबाई सुईला श्रेय देत. महिपतीराव म्हणत, "बिडीबी तवाच सोडली. कशानं गुण आला, कोण सांगंल?"

मग ते एसटीनं इंदापूरला गेले. गेणू ओट्यावर कुबड्या टेकून बसला होता.

"मला गुण आला न्हाय, ह्ये लिवलं का त्यांनी?"

"लिवलं. मी वाचून आलोय."