बगळ्याखालचा अंगठा

ढोमणे सरांचा अंगठा पहिल्यांदा भिंतीवर आला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या पियुषनं मांडीवर चोरून उघडलेला पोह्यांचा डबा तसाच बंद केला. चार फूट उंच अंगठा. नखाच्या कडेनं काळपट पिवळी झालर, मधोमध उभी भेग, आणि त्या भेगेत अडकलेला खर्र्याचा ओला तुकडा, भिंतीवर बटाट्याएवढा. सर बोलताना हात हलवतात, त्यामुळे तो तुकडाही हलत होता. मला वाटलं, आता सुटतो आणि आमच्या अंगावर येतो.

ज्यांना खर्रा माहीत नाही ते सुखी लोक आहेत. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि चिमटीनं गालात सारायचा. नागपूरकडची ही चीज सरांच्या घराण्यानं रायपूरपर्यंत जपून आणली. वडील रेल्वेत होते, गोंदियाहून बदलून आले आणि पुरानी बस्तीत राहून गेले. मुलगा गंगाधर आमच्या शाळेत गणिताचा मास्तर झाला. शाळेत तंबाखूला बंदी आहे, म्हणून सर त्याला 'सुपारी' म्हणतात. गाल भरलेला असला की रस सांडू नये म्हणून हनुवटी वर करून, पंख्याशी बोलल्यासारखं शिकवतात. "देखो, समीकरन की दो बाजू. याले तिकडं नेला, तर काय होऊन राहिलं? चिन्न बदलून राहिलं." मग खिडकीशी जाऊन एक पिचकारी. खिडकीखालच्या बोगनवेलीचा मूळ रंग कोणता, हे आता माळीही सांगू शकत नाही.

गणित मात्र येतं माणसाला. ते कबूल करावंच लागतं, आणि म्हणूनच जास्त किळस येते.

यंदा आमच्या दहावीच्या वर्गात 'स्मार्ट क्लास' आला. टेबलावर लवचिक मानेचा एक कॅमेरा. त्याच्याखाली वही ठेवली की सरांच्या मागच्या भिंतीवर तीच वही, पलंगाच्या चादरीएवढी. मान वाकवून पाण्यात टक लावून बसल्यासारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला बगळा म्हणतो. आमच्या प्रिन्सिपल विनोदिनी मॅडम प्रत्येक शब्दाला इस्त्री करून बोलतात. त्या म्हणाल्या, "ढोमणे सर, स्मार्ट क्लास है, तो यूज़ भी ज़रा स्मार्टली कीजिएगा." आणि सरांना प्रशिक्षणासाठी नव्या रायपूरला पाठवलं.

सर परत आल्यावर वर्गात पहिल्या येणाऱ्या यशदीपनं विचारलं, "सर, क्या सिखाया वहाँ?"

"एसी लय थंडा होता रे. अन् ये चक्का है ना, घुमाओ तो बडा होता है."

एवढ्या मोठ्या प्रशिक्षणातून सरांनी चित्र मोठं करणारा तो चक्का तेवढा उचलून आणला.

मग रोजचा कार्यक्रम सुरू झाला. वह्यांच्या गठ्ठ्यातून सगळ्यात घाण वही निवडायची, बगळ्याखाली टाकायची, डागावर अंगठा ठेवायचा आणि चक्का फिरवायचा. "ये देखो, मच्छर का पोस्टमार्टम." चक्का. "अन् हे काय, फुलगोबी? मम्मी को बोल, तेल कम डाले." चक्का. "वा रे यशदीप, नाक वहीनंच पुसून राहिला का बाप्पा?" वर्ग हसायचा आणि सर फुलायचे. हनुवटी अजून वर जायची.

सरांना एक गोष्ट कधी कळली नाही. ते आमच्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि खाली छोट्या वहीकडे बघायचे. मागे वळून भिंत कधी बघितलीच नाही. आम्ही हसायचो ते निम्मं अंगठ्याला. डाग मोठा व्हायचा, तसा त्याच्याशेजारचा तो झालरवाला अंगठाही मोठा व्हायचा, आणि डागापेक्षा तोच जास्त घाण असायचा. सर ते सगळं हसू आपल्या विनोदाच्या नावावर जमा करायचे.

वह्यांचं काय झालं म्हणाल तर वह्या लग्नपत्रिकेसारख्या झाल्या. कोणी कच्चं काम करेना, कोणी खोडेना. सगळे यशदीपचं उत्तर जेल पेननं उतरवायचे. चूक दिसली तर ती चादरीएवढी होणार, मग चूक करायचीच कशाला? डोकं नाही वापरलं की चूक होत नाही.

शर्मिष्ठाची वही तेवढी तशीच राहिली. ती भनपुरीची. तिचे बाबा तिथल्या गॅरेजात ट्रकच्या कमानींचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचं, काम करतात, आणि शाळा सुटली की ती तिथंच, टायरवर बसून अभ्यास करते. घरात मराठी आहे, पण तोंडातून हिंदीच निघते. ट्रक दुरुस्त नाही करायचे, बनवायचे आहेत, हे तिनं सगळ्या वर्गाला सांगून ठेवलेलं. तिच्या वहीवर ग्रीसचे ठसे असायचेच.

एक दिवस सरांच्या हाताला तीच वही लागली.

"हे कोनाचं गॅरेज आहे बाप्पा?" चक्का. "अवं शर्मिष्ठे, हे गनित आहे का ऑइल बदलल्याचं बिल?" चक्का. ठसा भिंतभर झाला, शेजारी अंगठाही भिंतभर. वर्ग लोळला. मीही. सरांनी उत्तर न वाचताच लाल फुली मारली, कारण पहिल्या ओळीत पुस्तकातलं एक्स नव्हतं.

शर्मिष्ठा टेबलाजवळ गेली, वही उचलली, आणि जिथं सरांचा अंगठा टेकला होता ती जागा ओढणीनं पुसली. ग्रीस नाही पुसलं. ती जागाच पुसली.

दुसऱ्या दिवसापासून तिची वही गठ्ठ्यात येईना. सोमवारी तिनं सांगितलं की ती बोर्डाला बेसिक, म्हणजे सोप्या पेपरचं, गणित घेणार. आमच्या शाळेत बेसिकवाल्यांना अकरावीत गणित मिळत नाही. म्हणजे ट्रक बनवणं संपलं. अर्ज शनिवारपर्यंत, आणि त्यावर गणिताच्या सरांची सही लागते.

सरांना ते भर वर्गात कळलं. बगळ्याखाली पियुषची वही होती आणि वहीवर अंगठा.

"काहून वं? तुले तर येते गनित."

"नहीं लेना है सर."

"अवं पन काहून? कोनी काही म्हटलं का तुले?"

शर्मिष्ठा उभी राहिली. "सर, आप कभी पीछे मुड़के देखिए."

सर वळले. पहिल्यांदाच. वळताना त्यांचं कोपर बगळ्याच्या एका बटणावर बसलं. ते बटण चित्र थिजवायचं. सरांनी अंगठा झटकन मागे घेतला, पण भिंतीवरचा अंगठा तिथंच राहिला. झालर, भेग, ओला तुकडा, सगळं. सरांनी वही काढली, तरी अंगठा होताच. बगळ्याचं तोंड रुमालानं झाकलं, तरी होता. तो रुमाल कसा होता, ते मी लिहीत नाही. बटण कोणतं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकही जण जागेवरून उठला नाही. कोणी हसलंही नाही. सर भिंतीकडे बघत होते आणि त्यांचा गाल हलायचा थांबला होता. घंटा झाली. संस्कृतच्या पद्मिनी मॅडम दारात आल्या, भिंतीकडे बघून म्हणाल्या, "शिव शिव, हे काय आहे?" सर त्यांच्या बाजूनं निघून गेले.

त्यानंतर बगळ्यावर टेबलक्लॉथ. सर खडू घेऊन शिकवत राहिले. बोटं कशानं तरी घासून लाल केलेली, नख मुळापर्यंत कापलेलं. गाल मात्र भरलेलाच, म्हणजे सगळं काही सुधारलं असं समजू नका.

शुक्रवारी त्यांनी टेबलक्लॉथ काढला. टेबल असं फिरवलं की स्वतःला भिंत दिसेल. मग गोड आवाज काढला, जो त्यांना अजिबात शोभत नाही. "शर्मिष्ठा बेटा, तेरी कॉपी दे. सबको बताते हैं, अच्छा काम कैसा रहता है."

शिवी परवडली, पण हे नको.

"नहीं सर," शर्मिष्ठा म्हणाली. "मुझे नहीं दिखाना है."

"अवं तारीफ करून राहिलो मी."

"वो भी नहीं."

सर खिडकीकडे निघाले. अर्ध्यातून परत आले. गिळलं की काय केलं देव जाणे. "बरं," म्हणाले. "इचारल्याबिगर कोनाची वही आता इथं येनार नाही. तुमीच ठेवली तर ठेवा." कोणीच ठेवली नाही. पूर्ण तास बगळा रिकाम्या टेबलाकडे बघत बसला आणि भिंतीवर लाकडाच्या रेषा दिसत राहिल्या.

शनिवारी, शेवटच्या दिवशी, शर्मिष्ठा अर्ज घेऊन टेबलाशी आली. "सर, साइन."

सरांनी पेन काढलं, पण टोपण लावलेलंच. "करतो. त्याच्याआधी एक कर. त्या दिवशी मी फुली मारली होती ना, ते. दोन लागोपाठच्या विषम संख्या, गुनाकार तीनशे तेवीस. मी ते वाचलंच नव्हतं."

तिच्याजवळ दुसरा कागद नव्हता. तिनं अर्ज उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर उभ्या उभ्या सोडवलं, आणि ढकलला. सरांनी चष्मा वर केला, खाली केला, कागद नाकाशी नेला. अक्षर बारीक होतं.

"हे अठरा कुठून आले? अठरा तं सम आहे. आपल्याले विषम पाह्यजे."

शर्मिष्ठानं पेनाचं टोपण लावलं.

"मी मोठं करून पाहू का? नाही म्हटलं तं नाही."

तिनं वर्गाकडे बघितलं, मग बगळ्याकडे. "मैं रखूँगी. आप हाथ मत लगाइए."

"नाही लावत."

"और वहाँ पीछे जाइए."

पन्नाशीचा माणूस दोन्ही हात पाठीमागे घेऊन आमच्या मधून चालत गेला आणि शेवटच्या बाकापाशी उभा राहिला. खर्र्याचा वास माझ्या बाकावरून गेला. मी श्वास धरला.

शर्मिष्ठानं कागद बगळ्याखाली ठेवला आणि कंपासपेटीनं खालचा भाग झाकला. पहिली ओळ दिसली. दोन विषम संख्यांच्या मधली सम संख्या म. कोपऱ्यात ग्रीसचा ठसा, भाकरीएवढा. कोणी काही म्हटलं नाही.

"अब दोनों नंबर क्या होंगे?" तिनं विचारलं.

वर्गानं यशदीपकडे बघितलं. लग्नपत्रिकावाले सगळे. मग पियुष म्हणाला, "म में से एक कम... और म में एक ज़्यादा?"

तिनं पेटी सरकवली. दुसरी ओळ तीच होती. त्यांचा गुणाकार म्हणजे म चा वर्ग उणे एक. तिसऱ्या ओळीत म चा वर्ग तीनशे चोवीस.

"अठरा," मागून सर म्हणाले. "सतरा अन् एकोनीस." मग, "अन् मी याले फुली मारली."

"हव सर. मारी थी."

"यशदीप, तुले समजलं का?" सरांनी विचारलं.

"नहीं सर," यशदीप म्हणाला. त्याच्या तोंडून हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकलं. "दूसरी लाइन फिर से."

शर्मिष्ठानं कागद तिथंच ठेवून त्याच्यासाठी दुसरी ओळ पुन्हा, सावकाश लिहिली, एकेक पायरी फोडून. पियुषनं अजून एक विचारलं. मधल्या बाकावरच्या सोनियानं विचारलं की लागोपाठच्या सम संख्या असल्या तरी असंच चालेल का. शर्मिष्ठा म्हणाली, करून बघू, आणि पुढं लिहीत गेली. भिंतीवर आकडे भरत गेले, खोडलेलंही दिसलं, एकदा तिचं चुकलं तेही दिसलं.

घंटा झाल्यावर सर मागून पुढं आले. हात अजून पाठीमागेच. कागद मागून पुरता भरला होता.

"सही कुठं करायची वं?" त्यांनी विचारलं.

शर्मिष्ठानं अर्ज सुलटा केला, सहीची जागा बघितली, परत उलटा केला. "अभी रहने दीजिए," म्हणाली. "सोनिया का वाला आधा हुआ है."