बीममधलं भोक

आईच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा घाटावर जमलेल्या सगळ्यांना वाटलं, तिची काही इच्छा राहिली असेल. माझ्या डोक्यात मात्र एका इस्पितळाचा बीम होता.

मी बनारसमध्ये बसून अकरा जणांची टीम चालवतो. दूरदूरच्या शहरांतल्या इमारती आम्ही आधी कॉम्प्युटरवर उभ्या करतो, खांब, बीम, स्लॅब सगळं. त्यावर पाइपवाल्यांचं मॉडेल ठेवलं की कोण कशात घुसतंय ते दिसतं. त्याला क्लॅश म्हणायचं. प्रत्येक क्लॅश उघडून बघायचा आणि बीमला तिथे भोक चालणार असेल तरच मंजूर करायचा. प्रमुखाने मंजूर केलेलं फक्त प्रमुखच रद्द करेल, हा नियम माझाच. नव्या पोरांना मी त्यावरून तासभर पिडतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आई आयसीयूत होती त्या संध्याकाळी एका इस्पितळाचं मॉडेल पाठवायचं होतं. मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. नर्स येऊन म्हणाली, "माताजी आपको बुला रही हैं।" मी म्हटलं, "बस, दो मिनट।" उरलेले सगळे क्लॅश एकदम निवडले आणि एकही न उघडता मंजूर करून टाकले. पाठवायच्या खटाटोपात दोन मिनिटांची वीस झाली. आत गेलो तेव्हा डॉक्टर तिच्याभोवती गोळा झाले होते. तिने मला पाहिलंच नाही. ना धड काम केलं, ना धड आईजवळ बसलो.

दहाव्याच्या सकाळी अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या उतरताना टीममधल्या एका मुलीचा मेसेज आला. "सर, तीसरे फ्लोर पर ड्रेन पाइप कॉलम के बिल्कुल पास बीम में से जा रहा है। आपने अप्रूव किया है। साइट वाले आज दस बजे होल करेंगे। क्या करूँ?"

खांबाला लागून बीममध्ये भोक पाडू नये, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. नऊ वाजले होते. एक फोन पुरे होता. पण रद्द केलं की चौकशी होणार, आणि सगळे क्लॅश एकाच मिनिटात मंजूर झालेले दिसणार, माझ्या नावासकट. विधी उरकला की करू, असं म्हणत मी फोन बाबांच्या पिशवीत टाकला. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

पिंड मांडला. कावळे वरच्या कठड्यावर बसून होते, एकही खाली उतरेना. आत्या हात जोडून म्हणाली, "वहिनी, दादाच्या जेवणाचं मी बघीन, तुम्ही काळजी करू नका." बाबा म्हणाले, "मी दवाई टाइमवर घेईन गं." कावळे ढिम्म. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"तुझं काही राहिलं असेल तर बोल रे," बाबा हळूच म्हणाले.

मी तसाच उठलो, ओल्या धोतराने पिशवीपाशी गेलो आणि साइट इंजिनिअरला फोन लावला.

"आज तरी तो फोन सोड!" आत्या ओरडली.

"बीम मत काटिए," मी किंचाळलोच, "मैंने बिना देखे पास किया था।"

"सर, वो तो हो गया। लड़के जल्दी आ गए थे। दस मिनट हुए।"

बीमला टेकू लावा, खालचा मजला रिकामा करा, चूक माझी आहे, लेखी देतो, असं काय काय मी बोललो. बोटातलं दर्भाचं पवित्रक कुठे गळून पडलं तेही कळलं नाही.

परत आलो तोवर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला होता. लोक पांगू लागले होते.

"काय कबूल केलंस तिला?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही. बाबा, ती मला बोलावत होती. मी दोन मिनिटं म्हणालो आणि गेलोच नाही."

बाबांना हे ठाऊक नव्हतं. पिशवी उचलून ते एकटेच पायऱ्या चढू लागले.