खांब धरणारी बुरुल

माझी धाकटी जाऊ बुरुल म्हणजे नाकासमोर चालणारी बाई. नारीन गावच्या शाळेत वीस वर्षं स्वयंपाक केला, पण मूठभर पीठ कधी घरी आणलं नाही. तिला मूल होईना, तेव्हा सासूबाईंनी माझी तिसरी, मेरिम, चाळिसाव्या दिवशी तिच्या ओटीत घातली. आम्हा किर्गिझांत रीतच आहे तशी. मी हूं की चूं केलं नाही. मेरिमला मात्र हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मेरिम बिश्केकला शिकायला गेली आणि तिथल्या कसल्याशा प्रयोगासाठी तिने आईला, म्हणजे बुरुलला, बोलावून घेतलं. सोबत मीही गेले. कुठून बुद्धी झाली! डोक्यावर तारांची टोपी घालून मायलेकींना आधी ठेंगण्या खोलीत बसवलं, मग उंच छताच्या दालनात. ठेंगण्या खोलीत पडद्यावरच्या दोघींच्या रेघा सारख्याच शांत होत्या. दालनात मेरिमची रेघ उड्या मारायला लागली, पोरगी घामाघूम झाली. बुरुल आपली ढिम्म.

"हे बऱ्याचदा रक्तातून येतं," प्रयोगवाला म्हणाला. "घरात आणखी कुणाला होतं का?"

उंच छताखाली मला लहानपणापासून गरगरतं.

"मलाच होतं की," बुरुल म्हणाली. "आज गोळी घेऊन आलेय."

रक्तातलं साम्य शोधायला त्याला पुढच्या वेळी दोघींची थुंकीही तपासायची होती. बुरुल पुन्हा तिकडे फिरकली नाही. पण तेव्हापासून लग्नाच्या प्रत्येक हॉलमध्ये ती खांब धरून उभी राहते.

"अगं, किती नाटकं करशील?" मी एकदा झापलं.

"जाऊबाई, आता खरंच गरगरतं हो."

खरं की खोटं, मला आजही कळत नाही. जन्म दिला मी आणि चक्कर येते हिला. रक्ताचं म्हणावं, की सवयीचं, की मायेचं? विचार करून माझंच डोकं फिरायची वेळ आली.

गेल्या शरदात मेरिमचं लग्न झालं. हॉल तीन मजले उंच. आत पाऊल टाकताच माझ्या पायाखालची फरशी हलली. कशीबशी खांबापर्यंत पोचले. बुरुल तिथे आधीच चिकटलेली होती. तेवढ्यात मेरिम आली आणि तिने बुरुलचा हात घट्ट धरला.

"आई, मला धर. आपण दोघी सारख्याच," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काकू, तुमचं बरंय, तुम्हाला काही होत नाही. पलीकडच्या टेबलावरून आईला जरा पाणी आणता?"

मी खांबावरचा हात काढला आणि हॉलच्या मधून पाणी आणायला निघाले.